मुक्या रोग्यांचे वैद्य आणि त्यांच्यातील मौन

धार आणि देवास ही नावे मराठी वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही. पेशवाईत मराठी घोडी नर्मदेपलीकडे गेली, तेव्हा पवारांनी माळव्यात जे पाय रोवले त्यांतून ही संस्थाने उभी राहिली. धार ही त्याही आधीची, भोजराजाची नगरी. देवास म्हणजे टेकडीवरची देवी, एकाच गावात नांदलेली थोरली आणि धाकटी अशी दोन राज्ये, आणि अलीकडच्या पिढ्यांना कुमार गंधर्वांचे घर. भोजाच्या नावावर 'शालिहोत्र' हा घोड्यांविषयीचा ग्रंथ आहे आणि तो १९५३ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने छापून प्रसिद्ध केला, ही गोष्ट मात्र फारशा कुणाला ठाऊक नसते. जनावरांच्या वैद्यकाशी धारचे नाव असे जुने जोडलेले आहे. आज आम्ही या दोन जिल्ह्यांकडे वळलो आहोत ते याच वैद्यकाच्या निमित्ताने. पण औषधे, लसी किंवा अनुदाने यांविषयी लिहिण्यासाठी नव्हे. गुरांच्या दवाखान्यात काम करणारी माणसे एकमेकांशी काय बोलतात आणि विशेषतः काय बोलत नाहीत, हा आमचा विषय आहे.

मे २०२३ मध्ये मध्यप्रदेश शासनाने ४०० हून अधिक फिरती पशुचिकित्सा पथके रस्त्यावर आणली. १९६२ हा क्रमांक फिरवावा आणि गाडी दारात यावी, अशी ही केंद्राच्या साहाय्याने चालणारी योजना आहे. साधारण एक लाख जनावरांमागे एक गाडी आणि गाडीत तीन माणसे: एक पदवीधर डॉक्टर, एक सहायक आणि एक चालक. धारच्या कुक्षी-मनावरच्या निमाडी पट्ट्यात काय किंवा देवासच्या बागली-कन्नौदच्या डोंगराळ भागात काय, रुग्ण म्हणजे माळवी किंवा निमाडी बैल, दुभती म्हैस, चार शेळ्या. एका जनावरावर एका घराचे वर्ष अवलंबून असते. तीन माणसे दिवसभर एका गाडीत बसतात, एकाच गोठ्यात वाकतात, एकाच डब्यातले खातात. यांच्यात संवादाला अडचण कसली, असे वाचकाला वाटेल. अडचण आहे, आणि ती अंतराची नसून पायरीची आहे.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. गाय चारा खात नाही, तोंडातून लाळ गळते आहे, घशात काहीतरी अडकले असावे असे मालक सांगतो. डॉक्टर बाह्या सारून हात गायीच्या तोंडात घालू लागतो. सहायक त्याच मुलखातला असतो. गायीच्या हंबरण्याचा सूर बदललेला आहे, घोगरा झाला आहे, हे त्याच्या कानाने टिपलेले असते. बाहेर चहा घेत उभ्या असलेल्या चालकाला महिन्यापूर्वी गावात पिसाळलेले कुत्रे शिरले होते हे शेजाऱ्यांकडून कळलेले असते. या तीन गोष्टी एकत्र आल्या तर कोणताही पशुवैद्य हात मागे घेईल, कारण घशात काही अडकल्याचा आभास हे गायी-म्हशींतील रेबीजचे सुपरिचित लक्षण आहे आणि लक्षणे दिसू लागल्यावर त्या रोगाला, जनावराच्या काय नि माणसाच्या काय, उपचार जवळजवळ नाहीच. परंतु तीन गोष्टी तीन डोक्यांत असतात. डॉक्टरला शहाणपण शिकविणारा मी कोण, असे सहायकाला वाटते. चालकाला तर कुणी विचारलेलेच नसते.

आपल्या भाषेकडेच पाहावे. वरच्याने खालच्याला सांगण्यासाठी आपल्याजवळ शब्दांचे केवढे भांडार आहे! शेरा, ठपका, तंबी, कानउघाडणी, कानपिचक्या, खरडपट्टी. आणि औदार्य दाखवावयाचे झालेच तर शाबासकी. खालच्याने वरच्याला त्याच्या कामाविषयी काही सांगितले तर त्याला मात्र आपण काय म्हणतो? तोंड वर करून बोलणे, आगाऊपणा, शिंगे फुटणे. 'अभिप्राय' हा चांगला शब्द आपल्याजवळ आहे, पण तो आपण पुस्तकांना आणि पाहुण्यांना राखून ठेवला आहे. कामाच्या जागी त्याची गरज पडली तेव्हा इंग्रजीतला 'फीडबॅक' उसना आणावा लागला. जी गोष्ट करण्याची सवय नसते, तिला नाव तरी कोठून मिळणार? धृतराष्ट्राच्या दरबारात विदुर स्पष्ट बोलत असे. पण त्या दरबारात त्याची जागा दासीपुत्राची होती, आणि त्याचे बोलणे त्या जागेच्या मापाने मोजले गेले.

कायदाही या बाबतीत एकाच दिशेने पाहतो. १९८४ च्या भारतीय पशुचिकित्सा परिषद कायद्याने नोंदणीकृत पशुवैद्यालाच चिकित्सेचा अधिकार दिला. पदविका किंवा प्रमाणपत्र घेतलेल्या सहायकाने किरकोळ सेवा द्यावयाच्या त्या अशा पशुवैद्याच्या देखरेखीखाली आणि निर्देशानुसार. ही तरतूद योग्यच आहे. अर्धवट ज्ञानाच्या हाती सुई आणि प्रतिजैविक सोपविण्याचे परिणाम खेड्यापाड्यांतून पाहावयास मिळतात. पण देखरेख वरून खाली जाते म्हणून माहितीही वरूनच खाली जावी, असे कायद्याने म्हटलेले नाही. तो अर्थ आम्ही लोकांनी लावून घेतला. महाराष्ट्रात ज्याला पशुधन पर्यवेक्षक म्हणतात आणि मध्यप्रदेशात सहायक पशुचिकित्सा क्षेत्र अधिकारी, तो माणूस पुष्कळदा एकाच भागात वर्षानुवर्षे राहतो. डॉक्टर बदलीवर येतो आणि बदलीवर जातो. धारच्या आदिवासी पाड्यांतून भिली-भिलाली बोलणाऱ्या मालकाचे म्हणणे पुष्कळ वेळा या सहायकाच्या तोंडूनच डॉक्टरपर्यंत पोचते. ज्या तोंडातून रुग्णाचा सगळा इतिहास यावयाचा, तेच तोंड आपण बंद करून ठेवतो.

या मौनाची किंमत सर्वांत आधी सहायक स्वतःच देतो. सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरेहून सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या-खुरकुतीबरोबर ब्रुसेल्लोसिसचीही लस आहे. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ती टोचावयाची असते. ही लस जिवंत जंतूंची असते. कालवड उसळी मारते, सुई टोचणाऱ्याच्याच बोटात जाते. धांदलीच्या शिबिरात असे घडणे अशक्य नाही. तत्क्षणी सांगितले, जखम धुतली, वैद्याकडून औषध घेतले तर बहुधा निभावते. पण मागच्या खेपेला लसीची कुपी फुटली म्हणून ज्याला चारचौघांत 'धांदरट' ही पदवी मिळालेली असते, तो बोट तोंडात घालतो आणि पुढच्या कालवडीकडे वळतो. काही आठवड्यांनी त्याला ताप भरतो, उतरतो, पुन्हा भरतो, सांधे धरतात. शहरातला डॉक्टर हिवतापाची तपासणी करतो, विषमज्वराची करतो. सुईची गोष्ट त्याला कोण सांगणार?

लसीच्या पेटीतला बर्फ वितळला तरी हेच. लस दोन ते आठ अंशांत राहिली पाहिजे, हे सर्वांना तोंडपाठ असते. भर वैशाखात माळव्याच्या पठारावर दुपारी पेटी उघडल्यावर आत नुसते पाणी दिसते, आणि कागदावर संध्याकाळपर्यंत टोचावयाच्या जनावरांचा आकडा ठरलेला असतो. अशा वेळी 'आज थांबू या' असे म्हणण्यास केवळ प्रामाणिकपणा पुरत नाही. म्हटल्यावर आपले काय होईल याची शाश्वती लागते. ती नसली की आकडा पुरा होतो, अहवाल जिल्ह्याला जातो, जिल्ह्याहून भोपाळला जातो, आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच गावात खुरकुत फिरते तेव्हा दोष लसीला दिला जातो. आमच्या मते सरकारी पशुसंवर्धनातील पुष्कळसे खोटे आकडे लबाडीतून जन्मत नाहीत, भीतीतून जन्मतात. वरिष्ठांना मात्र लबाडीवर रागावणे सोपे वाटते.

येथे कुणी म्हणेल की, सरकारी नोकरीत अभिप्रायाची व्यवस्था आहेच. दरवर्षी प्रत्येकाचा गोपनीय अहवाल लिहिला जातो. त्या अहवालाचे नावच पुरेसे बोलके आहे. ज्याच्याविषयी लिहावयाचे त्यालाच ते कळू नये, अशी ही रीत दीर्घकाळ चालली. फक्त प्रतिकूल शेरा तेवढा कळवावा, असा दंडक होता. २००८ साली देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही रीत मोडली. बढतीसाठी 'अत्युत्तम' हवे असताना एका अधिकाऱ्याला 'उत्तम' असा शेरा मिळाला होता; तो प्रतिकूल नव्हे म्हणून त्याला कळविलाही नव्हता, आणि त्याची बढती हुकली. चांगला असो, वाईट असो, प्रत्येक शेरा संबंधिताला कळविलाच पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले आणि २०१३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते उचलून धरले. तुझ्याविषयी आमचे मत काय आहे हे तुला सांगावयास हवे, एवढी साधी गोष्ट ठरविण्यासाठी या देशात सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. आणि कळविला तरी तो शेरा वर्षाअखेरचा. फाल्गुनातल्या अवघड वितात काय चुकले ते पुढच्या फाल्गुनात कागदावर वाचून सहायक काय सुधारणार?

देवासच्याच इतिहासातली एक गोष्ट येथे आठवते. थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव पवार हे बुद्धिमान, भाविक आणि मोठे लोभस गृहस्थ होते. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली काही महिने त्यांचे खाजगी चिटणीस होते. कारभारातला गोंधळ आणि पैशाची उधळमाधळ फॉर्स्टरांना स्वच्छ दिसत होती आणि त्यांनी ती बारकाव्याने लिहूनही ठेवली, परंतु विलायतेतल्या आईला आणि स्नेह्यांना धाडलेल्या पत्रांतून. महाराजांवर त्यांचा जीव होता. संस्थान कर्जात बुडाले, १९३३ च्या अखेरीस महाराज पाँडिचेरीला गेले ते परतले नाहीत. १९३७ मध्ये तेथेच वारले. फॉर्स्टरांची पत्रे 'द हिल ऑफ देवी' या नावाने प्रसिद्ध झाली ती १९५३ साली, म्हणजे योगायोगाने भोजाचे 'शालिहोत्र' पुण्यात छापले गेले त्याच वर्षी. अभिप्राय उत्कृष्ट होता. ज्याच्या उपयोगाचा होता तो सोळा वर्षांपूर्वीच गेला होता. फॉर्स्टरांनी तोंडावर सांगितले असते तर संस्थान तरले असते, असे आम्ही म्हणणार नाही. पण भीतीने माणूस गप्प बसतो तसा मायेनेही बसतो, आणि पशुवैद्यांच्या लहान दवाखान्यांतून हा दुसरा प्रकार पहिल्याइतकाच आढळतो. वीस वर्षे सोबत असलेल्या कंपाउंडरला डॉक्टरांचा हात आता कापतो हे दिसत असते; तो गिऱ्हाइकांना गुपचूप दुसऱ्या डॉक्टरचा पत्ता देतो, पण डॉक्टरसाहेबांना काही सांगत नाही.

हुद्द्याच्या धाकाने माणसे कशी दगावतात याची उदाहरणे जगाने पाहिलेली आहेत. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफच्या विमानतळावर दोन विमाने एकमेकांवर आदळून ५८३ माणसे मेली. धावपट्टी मोकळी झाली नसावी अशी शंका डच विमानातील अभियंत्याने बोलून दाखविली होती. मुख्य वैमानिकाने ती झटकली आणि अभियंत्याने पुन्हा तोंड उघडले नाही. त्यानंतर वैमानिकांच्या प्रशिक्षणात कनिष्ठाने शंका कशी बोलावी आणि वरिष्ठाने ती कशी ऐकावी, हा विषय दाखल झाला. माणसांच्या शस्त्रक्रियागृहांनी यातून धडा घेतला: जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासयादीत सुरी लावण्याआधी प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगावे, असे एक कलम आहे. एकदा नाव सांगून तोंड उघडलेला माणूस पुढे शंकाही बोलतो, हा त्यामागील व्यवहारी हिशेब. नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली तेव्हा मृत्यूंचे प्रमाण दीड टक्क्यावरून पाऊण टक्क्याच्या आसपास उतरल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

आमच्या गोव्यालाही या बाबतीत सांगण्यासारखे काही आहे, आणि ते पशुवैद्यकातलेच आहे. २०१३ पासून गोवा शासन आणि 'मिशन रेबीज' यांनी मिळून कुत्र्यांना रेबीजची लस टोचण्याची मोहीम चालविली. मोहिमेचे कौतुक पुष्कळ झाले, परंतु तिच्यातील एका बारीकशा पद्धतीकडे फारसे लक्ष गेले नाही. लस टोचलेल्या कुत्र्याच्या अंगावर रंगाची खूण केली जात असे, आणि टोचणारे पथक वाड्यातून पुढे गेले की मोजणारे लोक तोच वाडा पुन्हा पालथा घालीत. खुणेची कुत्री किती, बिनखुणेची किती? शेकडा सत्तरांहून कमी निघाली तर पथकाने परत यावयाचे. नोंदी भ्रमणध्वनीवर होत आणि कोठे काम उणे पडले ते नकाशावर लगेच दिसे. आपल्या कालच्या कामाविषयी आज कळते आणि उद्या दुरुस्त करता येते. शिवाय 'तू आळशी आहेस' असे कुणी म्हणत नाही, 'या वाड्यात अजून कुत्री राहिली आहेत' एवढेच म्हणते. २०१७ नंतरच्या तीन वर्षांत राज्यात रेबीजने एकही माणूस दगावल्याची नोंद झाली नाही आणि २०२१ मध्ये गोवा हे देशातील पहिले रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. या यशात लसीचा वाटा मोठा, हे उघड आहे. पण बिनखुणेची कुत्री मोजणाऱ्या माणसाचा वाटाही लहान नाही.

ही पद्धत धार-देवासच्या गाड्यांत नेता येणार नाही असे आम्हांस वाटत नाही. कृत्रिम रेतनाचेच पाहावे. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमधून काढलेली कांडी कोमट पाण्यात धरण्यापासून ती गर्भाशयात पोचविण्यापर्यंत हाताच्या किती चुका होऊ शकतात! टोचणाऱ्याला त्या कळण्याचा मार्ग एकच: दोन-तीन महिन्यांनी गाय गाभण राहिली की नाही, ही बातमी त्याच्यापर्यंत परत येणे. बातमी आली नाही तर दहा वर्षांचा अनुभव म्हणजे एकच चूक दहा वर्षे.

सांगण्याची रीतही शिकावी लागते, आणि येथे आम्ही डॉक्टरांच्या बाजूनेही दोन शब्द बोलू इच्छितो. सहायकाची चूक मालकादेखत काढणे हा दुहेरी अपराध होय; सहायकाला उद्या पुन्हा त्याच गावात एकट्याने जावयाचे असते आणि मालक त्याच्या हाती जनावर देणार नाही. जनावर तातडीने वाचवावयाचे असेल तर गोठ्यात 'थांब' एवढा एक शब्द पुरे, बाकीचे गाडीत. तेही कृतीविषयी, माणसाविषयी नव्हे: 'तुला काही येत नाही' हे वाक्य कुणालाच काही शिकवीत नाही, 'दोर बांधण्याआधी तू वासराचे पाय चाचपले नाहीस' हे शिकविते. पण डॉक्टरलाही मन असते. अनोळखी तालुक्यात एकटा राहणारा तरुण पदवीधर, डोळ्यांदेखत मेलेले जनावर, रडणारे घर, आणि परतीच्या वाटेवर दोन्ही सोबत्यांचे अबोल चेहरे. ही शिक्षा लहान नाही. ब्रिटनमध्ये पशुवैद्यांतील आत्महत्यांचे प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या तिप्पट ते चौपट असल्याचे तेथील अभ्यासांत दिसून आले आहे. आपल्याकडचे पशुवैद्य त्याहून सुखी आहेत असे मानण्यास आम्हांस काही आधार दिसत नाही. 'साहेब, आज तुम्ही जेवढे केलेत तेवढे कुणी केले नसते' हे खरे असेल तेव्हा सहायकाने म्हणावे. तोही अभिप्रायच आहे, आणि तोही सहसा कुणी देत नाही.

पणजी-मडगावच्या किंवा इंदूरच्या खाजगी दवाखान्यांत चित्र थोडे वेगळे दिसते. तेथे मांजरे आणि कुत्री येतात, काचेचे दार असते, स्वागताला एखादी मुलगी बसलेली असते. मालकाचे खरे गाऱ्हाणे तिच्याजवळ निघते, डॉक्टरसमोर नव्हे. 'मागच्या टाक्यांना पू झाला होता, पण डॉक्टरांना म्हटले नाही' हे ती ऐकते आणि पावती फाडते. संध्याकाळी दार लावण्याआधी डॉक्टरने तिला 'आज लोक काय म्हणत होते?' एवढे विचारावे, यास काही खर्च येत नाही.

धार आणि देवासच्या जिल्हा पशुचिकित्सा अधिकाऱ्यांनी याहून थोडे अधिक करावे. गाडी मुक्कामी परतल्यावर दहा मिनिटे तिघांनी बसावे. आधी चालकाने बोलावे, मग सहायकाने, डॉक्टरने शेवटी. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण डॉक्टर आधी बोलला की इतर दोघे मान डोलावतील. सुई लागली, लस तापली, औषधाचे माप चुकले, यांपैकी काहीही त्याच दिवशी सांगणाऱ्यास त्याबद्दल शिक्षा नाही, असा लेखी हुकूम निघावा आणि तो गाडीत चिकटवावा. लपविणाऱ्याची गोष्ट निराळी. गोपनीय अहवाल लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने वर्षातून दोनदा तरी स्वतः गाडीत बसून एक दिवस काढावा. न पाहिलेल्या कामावर शेरा मारण्याचा अधिकार त्याला नियमाने असेल, न्यायाने नाही. मात्र एक धोका आम्हांस आताच दिसतो. या दहा मिनिटांसाठी कुणीतरी छापील तक्ता काढील, त्याला स्तंभ असतील, तो तीन प्रतींत भरून महिन्याच्या पाच तारखेपर्यंत भोपाळला धाडावा लागेल, आणि मग गाडी परत येण्याआधीच तो सकाळी भरून ठेवला जाईल. तक्ता काढू नये.